जातीचा दाखला घेऊन गोरा व्हायला निघालेला माणूस

कचेरीत मी आस्थापनेच्या टेबलावर बसतो. सेवापुस्तके, बिंदुनामावली, जात पडताळणीचे कागद हे सगळे माझ्या हाताखालून जाते. वीस वर्षांहून अधिक काळ माणसांना रकान्यात बसवण्याचे काम केल्यामुळे कुठल्याही देशाचा छापील फॉर्म दिसला की मी आधी त्याचे रकाने वाचतो. आपल्या समाजाला तर रकान्याचे मोल वेगळे सांगायला नको. १९५६ ला धम्मदीक्षा झाली, 'धर्म – बौद्ध' असे आपण अभिमानाने लिहिले आणि केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे आपली माणसे एका रकान्यासाठी मोर्चे काढत होती.

माझा भाचा न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याच्या मुलीला तिथल्या शाळेत घातले तेव्हा फॉर्मवर वंश विचारला होता. त्याने 'एशियन' या चौकटीत खूण केली आणि काम संपले. पण मला फोनवर म्हणाला, "मामा, अमेरिकन माणूस एकदा विचारतो आणि गप्प बसतो. आपले लोक मात्र जेवायच्या टेबलावर आधी आडनाव विचारतात, मग गाव विचारतात, मग मांसाहार करता का ते विचारतात. तीन प्रश्नांत त्यांना पाहिजे ते कळतं." त्यानेच मला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक जुना निकाल पाठवला. इंग्रजी कायद्याचे, बी.कॉम.ला शिकलेल्या व्यापारी कायद्यापलीकडे माझे वाचन नाही. तरी शब्दकोश घेऊन बसलो आणि दोन रविवार त्यात घालवले. ती हकीकत वाचकांसमोर ठेवावी असे वाटले, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे आणि आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही.

अमेरिकेत बाहेरच्या माणसाने नागरिक कसे व्हायचे याचा पहिला कायदा १७९० सालचा. त्यात अट होती की अर्जदार 'स्वतंत्र गोरा माणूस' असला पाहिजे. गुलामगिरी संपल्यानंतर १८७० साली आफ्रिकेत जन्मलेल्या आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दुसरे दार उघडले. म्हणजे दारे दोनच, गोऱ्यांचे आणि काळ्यांचे. मग चिनी, जपानी, हिंदुस्थानी माणसाने जायचे कुठे? आपल्याकडून गेलेल्यांनी गोऱ्यांच्या दारावर थाप मारली. आफ्रिकी वंश त्यांना सिद्ध करता आला नसता हे मान्य. पण गोरे असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यांनी जे पुरावे काढले ते पाहण्यासारखे आहेत.

पहिला खटला गाजला तो एका पारशाचा. भिकाजी बलसारा. १९१० साली न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने पारशी हे गोऱ्यांत मोडतात असे ठरवले. पुढे १९१३ साली अक्षयकुमार मोझुमदार या बंगाली गृहस्थांनी वॉशिंग्टन राज्यात अर्ज केला. आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, आपले रक्त शुद्ध आहे, असे त्यांनी न्यायालयात सांगितले. एवढ्यावर न थांबता या देशात आलेले बहुतेक हिंदुस्थानी हे शीख आहेत, ते उच्च जातीचे नाहीत, त्यांचे रक्त मिसळलेले आहे, असेही त्यांनी सांगितले. परक्या देशात, परक्या न्यायाधीशासमोर, स्वतःला दार उघडावे म्हणून शेजाऱ्याला खाली ढकलणे! मोझुमदार नागरिक झाले.

त्याच १९१३ साली दोन तरुण अमेरिकेत उतरले. दोघे जवळजवळ एकाच वयाचे. एक आपले बाबासाहेब, बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले. दुसरा अमृतसरकडचा शीख तरुण, भगतसिंग थिंड. (हुतात्मा भगतसिंग वेगळे, हा निराळा.) थिंडने ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत कष्ट केले. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकेच्या लष्करात भरती झाला, पगडी न उतरवता. १९१८ साली गणवेशातच त्याला नागरिकत्वाचा कागद मिळाला आणि चार दिवसांत काढूनही घेतला गेला, कारण तो गोरा नाही. त्याने १९२० साली ओरेगॉनमध्ये पुन्हा अर्ज केला. तिथल्या न्यायाधीशांनी दिला. सरकार अपिलात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले.

तिथे त्याच्या वकिलांनी जी बाजू मांडली ती वाचताना मला पान बाजूला ठेवून उठावे लागले. थिंडचा धर्म शीख. ज्या गुरूंनी सर्वांना एका पंगतीत बसवले त्यांचा हा अनुयायी. पण न्यायालयाच्या कागदावर तो 'उच्चवर्णीय हिंदू' झाला. युक्तिवाद असा की, वरच्या जातीचा हिंदू हा आर्य आहे, म्हणून कॉकेशियन आहे, म्हणून गोरा आहे. रक्ताची शुद्धता कशावरून, तर जातिव्यवस्थेने बेटीव्यवहार बंद ठेवला म्हणून. आणि शेवटचे टोक म्हणजे, लग्नसंबंधाचा विचार केला तर उच्चवर्णीय हिंदू हा इथल्या आदिवासी माणसाकडे त्याच नजरेने पाहतो ज्या नजरेने अमेरिकन गोरा निग्रोकडे पाहतो, हे त्यांनी आपल्या बाजूने पुरावा म्हणून दिले. ज्या गोष्टीची लाज वाटावी ती त्यांनी तिथे प्रमाणपत्र म्हणून जोडली. तुम्ही काळ्यांना जसे वागवता तसेच आम्हीही आमच्याकडच्यांना वागवतो, म्हणून आम्ही तुमचेच, असा त्याचा सरळ अर्थ.

थिंडच्या वकिलांत एक नाव होते सखाराम गणेश पंडित. मराठी कानाला हे नाव ओळखीचे वाटते. ते स्वतः १९१४ पासून अमेरिकन नागरिक होते.

थिंडच्या आधी तीन महिने, नोव्हेंबर १९२२ मध्ये, याच न्यायालयाने टाकाओ ओझावा या जपानी माणसाचा अर्ज फेटाळला होता. तो कातडीने गोरा होता, पण न्यायालय म्हणाले की कातडीचा रंग पुरत नाही, माणूस कॉकेशियन पाहिजे. थिंडला वाटले असणार की आपले काम झाले. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल लागला. सगळे न्यायाधीश एकमताने म्हणाले की शास्त्रज्ञ काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदुस्थानी माणसाला गोरा समजत नाही. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले. जपान्याला शास्त्राची अट, पंजाब्याला लोकसमजुतीची अट! आमच्या कचेरीत एखाद्याचे काम करायचे नसले की असेच होते. एक कागद आणला की दुसरा मागायचा.

त्या निकालात एक वाक्य जातीविषयीही आहे. त्याचा आशय असा की जातीचे नियम रक्त मिसळू नये म्हणून केलेले असले तरी ते पूर्णपणे यशस्वी झाल्याचे दिसत नाही. थिंडने पुढे केलेला जातीचा दाखला न्यायालयाने वाचला आणि खोटा ठरवून परत केला.

त्यानंतर जे झाले ते मात्र हसण्यासारखे नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते अशा कित्येक हिंदुस्थानींचे कागद सरकारने रद्द करायला घेतले. मोझुमदारांचेही गेले. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्याला जमीन बाळगता येत नसे, ती बंदी आता पंजाबी शेतकऱ्यांच्या मानेवर आली. अशा माणसाशी लग्न केलेल्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्वही त्या काळच्या कायद्याने जात असे. पंडित स्वतःसाठी लढले आणि १९२६ साली अपिलात जिंकले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकायला नकार दिला तेव्हा कुठे सरकारचा जोर ओसरला. पण सगळे वकील नव्हते. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ साली बायको कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आले होते. दुकान काढले, बर्कलीत घर घेतले. सामान घेऊन राहायला गेले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकून त्यांना आत जाऊ दिले नाही. १९२१ साली ते नागरिक झाले होते. तो कागद गेला, मालमत्ता गेली, मायदेशी जायला पासपोर्टही मिळेना. १९२८ साली त्यांनी गॅस सोडून आत्महत्या केली. मरताना लिहिलेले पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले.

आणि रकान्याचे काय झाले? १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनेत वंशाच्या रकान्यात 'हिंदू' हा एक वंश होता. शीख असो, मुसलमान असो, हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस वंशाने 'हिंदू'. १९७० च्या जनगणनेत हीच माणसे 'गोरी' झाली आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन'. माणूस तोच, रकाना बदलत गेला. धर्माचा वंश करण्याची ही खोड तिकडे अजून गेलेली नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर पगडी आणि दाढी पाहून शिखांवर हल्ले झाले. २०१२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने गोळीबार करून सहा जणांना जागीच ठार केले. मारणाऱ्यांना कुणाचा धर्म कळत नव्हता, जात तर नाहीच नाही. त्यांना फक्त 'परका' दिसत होता.

आता बाबासाहेबांकडे येऊ. थिंड युद्धात भरती होण्याआधी दोन वर्षे, ९ मे १९१६ रोजी, बाबासाहेबांनी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. जातीचे मूळ रंगात किंवा वंशात शोधणाऱ्या युरोपीय पंडितांचे मत त्यांनी तिथेच बाजूला सारले आणि जातीचे गमक बेटीबंदीत आहे हे मांडले. वीस वर्षांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी दाखला घेतला तो नेमका पंजाबचा. एका प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने एकच असतात, जात ही एकाच वंशाच्या लोकांत पाडलेली फूट आहे, असे त्यांचे म्हणणे. १९४६ साली शूद्रांवरचा ग्रंथ आणि १९४८ साली अस्पृश्यांवरचा ग्रंथ, दोन्हींत त्यांनी आर्यवंशाच्या कल्पनेचा पुराव्यानिशी समाचार घेतला. थिंडचा सबंध खटला ज्या खांबावर उभा होता तो खांबच बाबासाहेबांनी काढून घेतला. दोघे एकाच देशात एकाच वेळी होते. एकाने जातीला रक्ताचा दाखला मानले, दुसऱ्याने तो दाखला बनावट आहे हे सिद्ध केले.

१९४६ साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. त्या वर्षी अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानींना नागरिकत्वाचे दार उघडले आणि वर्षाला शंभर माणसांना येण्याची मुभा दिली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या काळ्या समाजाच्या थोर विद्वानाला पत्र लिहिले. निग्रोंच्या एका परिषदेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखी आहे असे त्यांनी त्यात नमूद केले. दु बॉइस यांचे आपुलकीचे उत्तर आले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सज्जनांना अर्पण केली होती, त्याच वाटेवरचे हे पत्र. थिंडचे वकील गोऱ्यांना म्हणत होते की आम्ही तुमच्यासारखे आहोत. बाबासाहेब काळ्यांना म्हणत होते की आमचे दुःख तुमच्यासारखे आहे.

आता आजच्या काळात या. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को या कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला दोन सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वागवले असा आरोप. २०२३ साली त्या दोघांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा ठेवला. यातली कारकुनी बाजू मला महत्त्वाची वाटते. तिथल्या कायद्यात जातीचा रकाना नाही. म्हणून दाव्यात धर्म, पूर्वज, राष्ट्रीय मूळ, वंश आणि रंग अशा सगळ्या रकान्यांत थोडी थोडी जात बसवावी लागली. एका अन्यायाला पाच पत्ते! २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने हा प्रश्न सरळ सोडवला. जातीवरून भेदभाव करू नये असे नाव घेऊन लिहिणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, ब्राह्मण घरातल्या. तारीख पाहा. थिंडच्या निकालाला शंभर वर्षे आणि दोन दिवस झाले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा मंजूर केला. तिथल्या राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये तो परत पाठवला. कारण काय, तर आहे त्या रकान्यांत जात येतेच, नव्याची गरज नाही.

कायद्याला विरोध करणाऱ्या हिंदू संघटनांचे म्हणणे मी मुद्दाम वाचले. ते म्हणतात की जात अमेरिकेत नाहीच, ती तुम्ही बाहेरून आणून आमच्या मुलांच्या माथी मारता, उद्या प्रत्येक भारतीयाकडे संशयाने पाहिले जाईल. यातला शेवटचा भाग मी उडवून लावत नाही. गोऱ्या समाजाची नजर सगळ्या सावळ्यांना एका दोरीने बांधते हे वर सांगितलेच, आणि त्या दोरीत आपली मुलेही आहेत. पण जात अमेरिकेत कुणी आणली, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात छापून पडले आहे. ती आपण आणली नाही. दाखला हवा होता तेव्हा ती 'उच्चवर्णीय हिंदू' या शब्दांत अभिमानाने सादर झाली. तक्रार दाखल व्हायची वेळ आली तेव्हा ती अस्तित्वातच नाही असे सांगितले जाते. जमा बाजूला नोंद आणि खर्चाच्या बाजूला पान कोरे, असा हिशेब कुठलाही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही.

इंग्लंडातही हाच घोळ आहे. २०१३ साली पार्लमेंटने समानता कायद्यात जात घालण्याचे बंधन सरकारवर टाकले. २०१८ साली सरकारने सांगितले की कायदा करणार नाही, न्यायालये पाहून घेतील. दरम्यान एका आदिवासी मोलकरणीने भारतीय मालकांविरुद्ध दावा लावला होता. जात ही 'वांशिक मूळ' या रकान्यात बसू शकते असे अपिलाच्या न्यायाधिकरणाने २०१४ साली सांगितले आणि बाई जिंकल्या. जात म्हणजे वंश नव्हे हे बाबासाहेबांनी सिद्ध केले, आणि त्यांच्याच लेकरांना न्याय मिळवायला वंशाच्या रकान्यात उभे राहावे लागते. मला हे पटत नाही. तरी एखादी बाई तिच्या मजुरीसाठी उभी असेल तर मी तिला आधी रकान्याचा वाद मिटव असे सांगणार नाही. मिळेल त्या रकान्यात बसून आधी निकाल घ्यावा. जातीच्या नावाचा कायदा मागण्याचे काम आपण बाहेरच्यांनी चालू ठेवावे.

वर्षावासातल्या एका रविवारी आमच्या विहारात मी हे सारे सांगितले. मांडणी संपल्यावर एक आजोबा उभे राहिले. गिरणीत आयुष्य गेलेले, ऐंशीच्या घरातले. म्हणाले, "अरे बाबा, मग तो थिंड हरला याचा आपण आनंद मानायचा का?"

सभागृह गप्प झाले. मी म्हणालो, "नाही आजोबा. त्याच्यावर अन्यायच झाला. अमेरिकेसाठी बंदूक उचलली आणि कातडी पाहून त्याला हाकलला." अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "पण काका, जिंकला असता तर आपल्याला तोंडावर मारूनच जिंकला असता." दोघांचेही खरे होते. थिंडचे पुढे काय झाले तेही सांगितले. युद्धात लढलेल्यांसाठी १९३५ साली वेगळा कायदा झाला आणि १९३६ मध्ये तो सैनिक म्हणून नागरिक झाला. जातीचा दाखला त्या वेळी कुणी मागितला नाही.

आजोबांचे समाधान झाले नव्हते. ते म्हणाले, "आणि ती बाई? नवरा गेला ती?"

कला बगाई यांनी तिन्ही मुलांना शिकवून मोठे केले. कायदा बदलल्यावर त्या नागरिक झाल्या आणि १९८३ साली अमेरिकेतच वारल्या. ज्या बर्कलीत शेजाऱ्यांनी त्यांच्या घराला कुलूप लावले होते, तिथल्या एका रस्त्याला आता त्यांचे नाव दिले आहे. एवढे सांगितल्यावर आजोबा खाली बसले. मुलींनी बाबासाहेबांच्या आणि दु बॉइस यांच्या पत्रांच्या झेरॉक्स मागितल्या. इंग्रजी थोडे अवघड आहे म्हणून पुढच्या रविवारी एकेक परिच्छेद वाचून मराठीत सांगायचे ठरले आहे.